गोळ्यांसाठी बघण्याचा कार्यक्रम

औषधांनी मला मिशा फुटल्या.

हे आधी सांगून टाकते, कारण हाच आजार झालेली एखादी बाई आत्ता आरशापुढे उभी असेल, तर तिला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं. मला कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तू हल्ली आमच्या दादाकाकांसारखी दिसायला लागलीस."

"मग वाकून नमस्कार करा," मी म्हटलं.

पुढे डोस कमी झाला तशा मिशाही गेल्या. दादाकाका परतले, मी राहिले. राहिले म्हणूनच हे लिहायला बसले आहे. रक्ताचं दुखणं कसं असतं हे डॉक्टर सांगतील, पण त्या दुखण्यासाठी कुणाकडे मदत मागायची म्हणजे काय असतं, ते मी सांगते. मी ते इतकं वाईट केलं, की माझ्याइतका अनुभव फार थोड्यांकडे असेल.

आम्ही झाशीचे मराठी. माझं माहेर गुरसरायचं, सासर इथलंच. सीपरी बाज़ारात एका हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या आणि गच्ची, एवढं आमचं घर. हे एका खाजगी शाळेत संस्कृत शिकवत. पेन्शन नाही, सुभाषितं पुष्कळ. मुलगा मिलिंद टाइल्सच्या दुकानात हिशेब लिहितो. तो वाक्य मराठीत सुरू करतो आणि हिंदीत संपवतो. सून संध्या ललितपूरची. घरी बसून ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. तिला मराठी बोलता येत नाही, पण सगळं कळतं, विशेषतः तिच्याबद्दल बोललेलं.

निळे डाग

सुरुवात दंडावरच्या डागांनी झाली. जांभळे, निळे, कुठे लागलं ते आठवत नाही असे. मी म्हणायची, पलंगाला आपटलं असेल. मग मांडीवर आले. मग दात घासताना थुंकी लाल यायला लागली. शेजारच्या मिश्राइन गच्चीवर कपडे वाळत घालायला आल्या होत्या, त्यांनी माझे दंड पाहिले आणि मग नुसतं संध्याकडे पाहिलं. संध्या हातातली बादली खाली ठेवून म्हणाली, "आंटी, कसम से, मैंने हाथ नहीं लगाया."

सगळ्या हसलो. हसताना माझ्या हिरड्यांतून रक्त आलं, आणि मग कुणी हसेना.

इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मिलिंदला बाहेर बोलावलं. माणसाला बाहेर बोलावतात तेव्हा आत बसलेल्याला सगळं कळतं. दुसऱ्याच दिवशी आम्ही लखनौच्या गाडीत होतो. तिथल्या मोठ्या इस्पितळात कमरेच्या हाडातून नमुना काढतात. दुखतं, खोटं कशाला सांगू? पण ज्यांनी घरी बाळंतपणं पाहिली आहेत, त्यांना त्याचं काही विशेष नाही.

निदान सांगायला एक तरुण डॉक्टर आले. माझ्याशी बोलायचं की मिलिंदशी, ते त्यांना ठरवता येईना. मीच म्हटलं, "बेटा, बीमारी मेरी है, मुझे बताओ."

ते स्टूल ओढून बसले. "माताजी, हड्डी के अंदर ख़ून बनाने का कारख़ाना होता है. आपका कारख़ाना बंद पड़ गया है."

"हड़ताल है कि ताला लग गया?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हड़ताल समझिए. मना लेंगे."

आजाराचं नाव अप्लास्टिक ॲनिमिया. फार थोड्या लोकांना होतो, ते म्हणाले. तुम्हाला हसू येईल, पण हे ऐकून मला आतून जरा बरं वाटलं. मधुमेह काय, आमच्या गल्लीत सगळ्यांनाच आहे.

हा ताठा पुढच्या व्हरांड्यापर्यंत टिकला. तिथे बाकावर बसल्यावर मिलिंदने चहा आणला, माझ्या हातात दिला आणि स्वतःचा कप धरून भिंतीकडे बघत राहिला. चहावर साय धरली तरी त्याने ओठ लावला नाही. ते पाहून मला भीती वाटली. हाडात सुई गेली तेव्हा वाटली नव्हती.

दुसऱ्यांचं रक्त

मग ये-जा सुरू झाली. दर थोड्या दिवसांनी रक्त चढवायचं. लाल पिशवी सगळ्यांना ठाऊक असते. प्लेटलेट्सची पिवळसर असते, कैरीच्या पन्ह्यासारखी. शीर सापडायची नाही. नर्सबाई माझा हात उलटापालटा करत आणि मी त्यांना सांगत असे, "ढूँढो ढूँढो, मेरी सास को भी मुझमें कुछ नहीं मिला था."

ही भरती, रक्त, तपासण्या आम्हा म्हाताऱ्यांच्या सरकारी कार्डावर निघत होतं. त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही आणि करणारही नाही.

संसर्ग टाळायचा म्हणून डॉक्टरांनी नियम सांगितले. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. शिळं खायचं नाही. कच्चं नाही, बाहेरचं नाही, गर्दीत जायचं नाही, भांडी वेगळी. घरी येऊन मी ते ह्यांना वाचून दाखवले तर ह्यांचा चेहरा उजळला. माझ्या सासूबाईंचं सोवळं अख्खंच्या अख्खं लखनौहून परत आलं होतं! नवी नवरी असताना मी हे सोवळं मोडून भाजी आणायच्या निमित्ताने बाज़ारात उभ्या उभ्या कचोरी खाऊन यायची आणि पदराने तोंड पुसून देवघरात निरांजन लावायची. आता सासूबाई वरून बघत असतील तर त्यांना केवढं समाधान झालं असेल. हे रोज माझं फुलपात्र कुकरमध्ये उकळायचे. स्वतःचा चहा ज्यांनी उभ्या जन्मात कधी केला नाही, ते शिट्ट्या मोजत ओट्यापाशी उभे राहायचे. संध्या म्हणायची, "बाबूजी, गिलास गल जाएगा."

अशा लहान लहान गोष्टींवर दिवस निघत होते आणि बरे निघत होते.

पुढे डॉक्टरांनी एक नवी गोळी सुरू केली. संप मोडणारी ती हीच. तिचेही नखरे होते. दुधाबरोबर चालायची नाही, दुधाच्या आसपासही नाही. म्हणजे माझा सकाळचा चहा थेट दुपारवर गेला. पण गोळीने काम सुरू केलं. रक्ताच्या दोन पिशव्यांमधलं अंतर वाढलं. डॉक्टर म्हणाले, "माताजी, मज़दूर लौट रहे हैं. अब दवा छूटनी नहीं चाहिए."

अडचण एवढीच, की ही गोळी रोज घरी घ्यायची आणि फार महाग. भरती झाल्यावरचा खर्च कार्डावर निघे, घरच्या गोळ्या त्यात बसत नव्हत्या. पहिल्या खेपेला संध्याचे कानातले गेले. दुसऱ्या खेपेला मिलिंदची मोटारसायकल. तिसऱ्या खेपेला विकायला काय उरलंय हे बघायला दोघं दार लावून आत बसत, आणि आतला आवाज वाढला की हे बाहेर मोठ्याने विष्णुसहस्रनाम सुरू करत.

रंग आवडला नाही

आता मला माझ्याविषयी, म्हणजे पूर्वीच्या माझ्याविषयी, थोडं सांगायला हवं. त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही.

गुरसरायच्या जहागिरीच्या दप्तरात माझे खापरपणजोबा कारकून होते. माझं लग्न ठरलं तेव्हा ते कारकूनच होते. मिलिंद झाला तोवर मी त्यांना दिवाण केलं होतं. आणखी दोन मुलं झाली असती तर जहागीरच त्यांच्या नावावर झाली असती.

अशा बाईला "परवडत नाही" हा शब्द येत नाही. दुकानात जायचं, भैयाला साड्या उलगडायला लावायच्या, पोत बघायचं, काठ बघायचा, किंमत ऐकायची आणि शांतपणे म्हणायचं, "रंग पसंद नहीं आया." आमच्या घरात हे सगळ्यांना लागलं. मिलिंदला सहलीला जायचं असायचं, पैसे नसायचे, तो मास्तरांना सांगून यायचा, "जगह पसंद नहीं है." आठव्या वर्षी! मी त्याला शाबासकी दिली होती. काय ते माझं कौतुक, आणि काय ती मी! ती आत्ता समोर आली तर तिला दोन घास खाऊ घालीन आणि मग कान धरून विचारीन, की बाई गं, तुझा रंग नक्की कोणता?

दाखवण्याचा थाट

इस्पितळात एक खिडकी असते, तिथे समाजसेवा विभागाचे लोक बसतात. डॉक्टरांनी मिलिंदला तिकडे पाठवलं. त्यांनी एका धर्मादाय संस्थेचं नाव दिलं. ही संस्था असल्या क्वचित होणाऱ्या रक्ताच्या आजारांत औषधाचा मोठा वाटा उचलते. मिलिंदने अर्ज केला. संस्थेचं कळवणं आलं, की आमची बाई घर बघायला येईल.

घर बघायला येईल. एवढेच शब्द माझ्या कानात राहिले.

आमच्याकडे घर बघायला माणसं येतात ती एकाच कामासाठी. स्थळ बघायला. मला लहानपणापासून माहीत, की असं कुणी येणार असलं की शेजारून चादरी आणायच्या, मावशीकडून ताटं आणायची, भिंतीचा पोपडा कॅलेंडरने झाकायचा, आणि येणारा परत जाताना त्याच्या तोंडून निघायला हवं की घर चांगलं आहे. घर चांगलं दिसलं की पसंती. हे मी माझ्या दोन बहिणींच्या वेळी केलं, नणंदेच्या वेळी केलं. आताही तेच केलं. माझा हिशेब सरळ होता: चांगल्या घरात औषध दिलं तर ते वाया जाणार नाही, असं त्यांना वाटायला नको का?

वन्सं लक्ष्मी गेटपाशी राहतात. त्यांच्याकडून चांदीचं ताट, वाट्या, फुलपात्र आणि तांब्या आला. मिश्राइनकडून गालिचा आणि सोफ्याची मखमली कव्हरं. सोफा आमचाच, पण त्याच्या खाली वीट आहे. शिवायचे ब्लाउज गाठोडं बांधून गच्चीवर. मी जरीची साडी नेसले, एक ग्रॅमच्या पाटल्या घातल्या. लांबून कुणाच्या बापाला कळणार नाही. ह्यांनी कोट घातला.

संध्या म्हणाली, "आई जी, ये लोग शादी नहीं कर रहे हमसे."

"तू पुऱ्यांकडे बघ," मी म्हटलं.

संस्थेची बाई आली. शाहीन नाव तिचं, साधा सलवार-कमीज, पाठीला पिशवी, चेहऱ्यावर घाम. दारातच म्हणाली, "माताजी, हम विज़िट पर कुछ लेते नहीं हैं, सिर्फ़ पानी." मी पाणी चांदीच्या फुलपात्रातून दिलं. मग ताट. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, साटोरी. ती नको नको म्हणत होती, मी वाढत होते. आमच्या आग्रहापुढे भलेभले टिकले नाहीत, तिथे ही पोर काय टिकणार? अर्धी साटोरी खाऊन तिने कागद काढला.

"दवाई का ख़र्चा कैसे चल रहा है, माताजी?"

"अरे, सब बढ़िया चल रहा है बेटा."

"कोई परेशानी?"

"नहीं नहीं. भगवान का दिया सब है."

मिलिंदने घसा खाकरला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा घसा बसला. संध्याला मी पुऱ्यांसाठी आत डांबून ठेवलं होतं. तिथून झारा आपटल्याचा आवाज आला. मग शाहीनने ह्यांना विचारलं, "बाबूजी, आपके परिवार के बारे में कुछ बताइए." झालं. ह्यांनी पुण्याहून सुरुवात केली. पेशव्यांबरोबर कोण आलं, कुणाला कुठली वृत्ती मिळाली, झाशीत कुणाचा मान कुठला, सगळं. ती बिचारी आधी लिहून घेत होती, मग नुसती मान हलवत राहिली.

ती गेल्यावर मी पाटल्या काढून ठेवल्या आणि म्हटलं, "पसंत पडलो."

सक्षम

पुढच्या आठवड्यात मिलिंदला फोन आला. तो ऐकत होता, जी मैडम, जी मैडम म्हणत होता. फोन ठेवून म्हणाला, "आई, त्यांनी मना केलं. म्हणाल्या, परिवार सक्षम है."

खरं सांगते, पहिल्या क्षणी माझी मान ताठ झाली. सक्षम! मग मिलिंदचा चेहरा दिसला. तोच, व्हरांड्यातला.

मला वाटलं, मीच यातून मार्ग काढीन. डब्यात उरलेल्या गोळ्या मी एक दिवसाआड घ्यायला लागले, कुणाला न सांगता, पुरवठ्याला येतील म्हणून. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी तसं करत असेल तर आत्ताच्या आत्ता थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. माझं नाक एका दुपारी वाहायला लागलं ते थांबेना. संध्या मला धरून बसली होती. तिच्या मांडीवर कुणातरी गिऱ्हाइकाचा पांढरा ब्लाउज होता, तो लाल झाला. लखनौला पुन्हा भरती, पुन्हा पन्ह्याची पिशवी. डॉक्टरांनी विचारलं आणि मी सांगितलं. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "माताजी, आधी गोली से आधा आराम नहीं होता. ऐसे तो मज़दूर फिर चले जाएँगे, और शायद लौटें भी नहीं."

त्या खेपेला वॉर्डात संध्या माझ्यापाशी राहिली होती. नळी लावलेली, मला हलता येईना. ती स्टुलावर बसून हलक्या आवाजात म्हणाली, "आई जी, एक बात बोलूँ? बुरा मत मानना."

"बोल."

"आपकी गोली पैसे की वजह से नहीं रुकी. आपकी साटोरी की वजह से रुकी है."

मग मला हसू फुटलं. नळी हलली, नर्स धावत आली. संध्याही हसली आणि हसता हसता तोंडात ओढणी कोंबून रडायला लागली. इतक्या महिन्यांत ही बाई रडली नव्हती. मी मोकळ्या हाताने तिचं डोकं थोपटलं आणि म्हटलं, "फ़ोन लगा उनको. बोल दे कि ताट ननद का था."

तिने लावला. सगळं सांगितलं, ताट, गालिचा, पाटल्या, सोफ्याखालची वीटसुद्धा. पलीकडच्या संस्थेच्या बाई म्हणाल्या, की पुन्हा अर्ज करा, पुन्हा कुणीतरी येईल, पण हो म्हणतीलच असं नाही.

दुसऱ्यांदा

या वेळी गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मिश्राइन सकाळीच आल्या. "जिज्जी, फ्रिज पे चद्दर डार दो. और जा धोती बदल लो, जा में तो तुम जमींदारन लगतीं." धोती म्हणजे माझ्या अंगावरची साडी. मिलिंदने टीव्ही भिंतीवरून काढायला घेतला होता. ह्यांनी कुठूनतरी फाटका बनियन शोधून अंगात घातला होता आणि आरशात बघत होते.

"थांबा," मी म्हटलं. "टीव्ही परत लाव. फ्रिज उघडा राहू दे. आणि अहो, तो बनियन काढा आधी, पोछ्याचा आहे तो."

मिलिंद म्हणाला, "आई, फिर वही करोगी?"

"नाही. पण मागच्या वेळी श्रीमंतीचं नाटक केलं, आता गरिबीचं नाही करायचं. आहे ते आहे. बघू दे."

शाहीनच आली. ठरल्या वेळेच्या आधी आली, त्यामुळे काही आवरायला वेळच मिळाला नाही, आणि ते बरंच झालं. बाहेरच्या खोलीत आमच्या दोघांच्या गाद्या गुंडाळलेल्या, ब्लाउजचे ढीग, शिलाई मशीनवर डाळीचा डबा, माझं फुलपात्र उकळत असलेला कुकर. ती सोफ्यावर बसली तसा सोफा एका बाजूला कलला. "ईंट," मी म्हटलं. "थोड़ा इधर सरको."

तिने पाणी घेतलं, स्टीलच्या पेल्यातून. कागद काढला.

"माताजी, दवाई का ख़र्चा कैसे चल रहा है?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोंडात जुनं उत्तर आपोआप आलं होतं, तयार. ते गिळायला मला त्या हाडातल्या सुईपेक्षा जास्त जोर लागला.

"नहीं चल रहा, बेटा," मी म्हटलं.

बस्, एवढंच. आणि आभाळ पडलं नाही. खापरपणजोबाही थडग्यातून उठून आले नाहीत. आमच्यात थडगी नसतात म्हणून असेल. मग संध्याने सांगितलं काय काय विकलं ते, न थांबता, जणू तिला कुणीतरी कधीचं विचारायला हवं होतं. मिलिंदने महिन्याला घरून किती निघेल ते सांगितलं. आकडा सांगताना त्याची मान खाली होती, पण सांगितला खरा. "इससे ज़्यादा नहीं होगा, मैडम," तो म्हणाला. आठव्या वर्षी जे मी त्याला शिकवलं नाही, ते तो चाळिशी उलटल्यावर स्वतःच शिकला.

शाहीन लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने ह्यांच्याकडे पाहिलं, जरा बिचकतच. मागच्या वेळचं पुणे तिला आठवत असणार. "बाबूजी, आप कुछ कहना चाहेंगे?"

मी मनात म्हटलं, आता हे पानिपतापासून धरणार.

हे उठले नाहीत. कोट नव्हता अंगात, साधा धुतलेला सदरा होता. हात गुडघ्यावर ठेवून बसले होते. शाळेत होते तेव्हा मुलांना ज्या स्पष्ट आवाजात धडा सांगत, त्याच आवाजात म्हणाले, "बेटा, हमें और कुछ नहीं चाहिए. बस, ये रहें."

संध्या मशीनकडे वळून डाळीचा डबा उगाच उचलून परत ठेवायला लागली. मिलिंद खिडकीतून खाली हार्डवेअरच्या दुकानाकडे बघत होता. शाहीनने पेन कागदावर टेकवलं होतं, पण लिहिलं काही नाही. आणि मी? मी, जिच्या तोंडाला कुणी लागत नाही, ती मी मनातल्या मनात हिशेब करत बसले. इतकी वर्षं संसार झाला. ह्यांनी मला भाजीत मीठ कमी आहे हे मराठीत सांगितलं, आईचं बारावं कधी ते सांगितलं, चष्मा कुठे गेला ते तर रोज विचारलं. आणि हे एक वाक्य सांगायचं होतं तर हिंदीत, आणि तेही संस्थेच्या बाईंना.

आता

ज्यांच्या घरी असा आजार आलाय त्यांच्यासाठी चार गोष्टी. इस्पितळात समाजसेवा विभाग कुठे बसतो ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. तो बहुतेक जिन्याखाली असतो आणि त्यावर पाटी नसते. डॉक्टरांकडून औषधाच्या खर्चाचा अंदाज लेखी घ्या; सरकारी मदतनिधी असो की संस्था, सगळे आधी तेच मागतात. औषध बनवणाऱ्या कंपनीची रुग्णांसाठी काही सवलत आहे का, तेही विचारा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. एका ठिकाणाहून सगळं मिळत नाही, थोडं थोडं जोडावं लागतं. नाही म्हणाले तर पुन्हा अर्ज करता येतो. आणि घर बघायला कुणी आलं तर घर दाखवा. दुसऱ्याचं नको, आपलं.

मी आता बरी आहे. कारखाना पूर्ण चालत नाही, पण चालतो. रक्ताची पिशवी लागून बरेच महिने झाले. दंड स्वच्छ आहेत. चहा अजून दुपारीच मिळतो, पण मिळतो. गच्चीवर संध्या कापड बेतते, मी तिच्या सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करते आणि तिला म्हणते, की तुझ्या सासूसारखी सासू शोधून सापडणार नाही. ती म्हणते, "ढूँढ कौन रहा है?"

संस्थेचा फोन आला तो एका दुपारी. मिलिंदने आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकवला. औषधाचा बराचसा वाटा ते देणार होते; थोडं सरकारी निधीतून, आणि उरलेलं, मिलिंदने मान खाली घालून सांगितलं होतं तेवढंच, आमच्याकडून. संध्या ओरडतच मिश्राइनकडे पळाली. मिलिंद जिना उतरून मिठाई आणायला गेला, आणि मला बाहेरचं चालत नाही हे त्याला अर्ध्या जिन्यात आठवलं तरी गेलाच.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. हे आपले खुर्चीत बसून पेपर उघडत होते, काही झालंच नाही अशा थाटात.

मी जवळ सरकून म्हटलं, "अहो, त्या दिवशी शाहीनला जे म्हणालात ना, ते एकदा मला मराठीत म्हणून दाखवा."

ह्यांनी पेपरातून डोकंसुद्धा वर केलं नाही.

"अर्ज मंजूर झाला ना?" म्हणाले. "मग आता कशाला?"